आठ गुणांची शिक्षा

गाडी विकली जाईपर्यंत गिऱ्हाईक राजा असतं. किल्ली हातात पडली की त्याची कटकट होते. हे ज्ञान मला आमच्या बाबांच्या गाडीनं दिलं.

बाबा सुतार. पंचेचाळीस वर्षं रंधा मारला आणि सत्तरीला टेकल्यावर पहिली नवी कोरी गाडी घेतली. त्या दिवशी शोरूममधल्या टायवाल्यानं त्यांना दोनदा कॉफी पाजली, गाडीवरचं रेशमी कापड त्यांच्या हातानं ओढायला लावलं, पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढला. पंधरा दिवसांनी आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर तोच टायवाला हसत पुढे आला. "नवीन गाडी बघायला आलात का?"

तक्रार साधी होती. डावीकडे वळलं की मागच्या दारातून टकटक आवाज यायचा. तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा कागदावर लिहून आलं, 'आवाज आढळला नाही', आणि तिन्ही वेळा गाडी धुऊन दिली. म्हणजे आवाज तोच, फक्त आता चकचकीत गाडीतून यायचा. एक मेकॅनिक तर बाबांना समजावून सांगायला लागला, "काका, वय झालं की कानात असं वाजतं."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पण माझे कान डावीकडे वळतानाच कसे वाजतात?"

चौथ्या खेपेला सर्व्हिस काउंटरवर नवीन बाई होती. तिशीची असेल. पेन कानावर खोचलेलं. बाबांनी ते पेन बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. सुतार पेन्सिल तिथंच खोचतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि म्हणाली, "चला काका, मला ऐकवा."

मागच्या सीटवर बसून तिनं दाराला कान लावला. बाबांनी चौकाला तीन फेऱ्या मारल्या.

"लोखंड नाही हं काका."

"नाहीच मुळी. लोखंड असं पोकळ वाजत नाही."

"प्लास्टिकवर प्लास्टिक. हँडलच्या खाली."

"खाली नाही. मागे."

"पैज?"

पैज बाबांनी जिंकली. दाराचं आतलं पॅनेल तिनं स्वतः उघडलं. मागे एका क्लिपचा कान तुटला होता, नखाएवढा. बाबा शेजारी बॅटरी धरून उभे. दोघं इतक्या तावातावानं भांडत होते की बाकीचे मेकॅनिक पाने-पकडी खाली ठेवून बघायला आले. मी 'मशीन बंद आहे' अशी चिठ्ठी लावलेल्या कॉफीच्या मशीनशेजारी दोन तास बसून होते. पण बाबांचं तोंड बघून मला राग काढता आला नाही. येताना त्यांनी मुद्दाम सगळी डावी वळणं घेतली. दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागली. गाडी गप्प.

तीन दिवसांनी कंपनीतून फोन आला. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

बाबांनी इतका विचार केला की पलीकडची मुलगी दोनदा हॅलो हॅलो म्हणाली.

"आठ," बाबा म्हणाले.

हे आठ म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. बाबांच्या कारखान्यात तयार वस्तूच्या पाठीवर ते खडूनं आकडा टाकत. सहा म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायला हरकत नाही. सात म्हणजे चारचौघांना दाखवा. आठ त्यांनी आयुष्यात दोनदाच दिले होते. मी बाराव्या वर्षी स्टूल केलं, त्याला चार मिळाले, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी.

"दोन का कापले, सर?"

"एक स्क्रू जास्त आवळला गेला. आणि शेवटचा एक मी कुणालाच देत नाही. स्वतःलासुद्धा."

फोन ठेवून बाबा दिवसभर शीळ घालत होते.

पुढच्या आठवड्यात मी गाडीचे पायपोस आणायला गेले, तर काउंटरवर दुसराच कुणी. "त्या बाई?" "गोडाउनला पाठवलंय. खोक्यांवर लेबलं चिकटवतात." का, म्हणून विचारलं तर त्यानं मॅनेजरच्या केबिनकडे बोट केलं.

मॅनेजर सभ्य होता. असली कामं सभ्य माणसंच करतात. "नवीन माणसाला पहिल्या तीन महिन्यांत एकाही गिऱ्हाइकानं नापास केलेलं चालत नाही, मॅडम. तुमच्या वडिलांनी आठ दिले."

"मग? आठ म्हणजे नापास?"

"नऊ आणि दहा पास. बाकी सगळे नापास. वरूनच तसं आहे."

हे 'वर' कुठं असतं, ते मला एकदा बघायचंय. तिथं बसलेल्यांनी कधी दाराला कान लावला असेल का? बाकीचे काउंटरवाले हुशार. ते गाडी देतानाच हात जोडून सांगतात, फोन आला की दहा म्हणा, नाहीतर माझी वाट लागेल. हिनं सांगितलं नव्हतं.

"आता काय करता येईल?"

"गिऱ्हाइकानं स्वतः फोन करून बदललं तर बदलतं. आज पाचपर्यंत. मग महिन्याचा हिशेब बंद होतो आणि बाई गोडाउनलाच कायम."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते मटकन खाली बसले. "आठ दिले मी तिला. आठ!"

"एक फोन करा आणि दहा म्हणा."

"खोटं नाही सांगणार."

"बाबा, तुमच्या खरेपणाचा मार ती खातेय!"

मी खरंच ओरडले. बाबांनी उठून शर्ट घातला, पेचकस खिशात टाकला आणि गाडी काढली.

शोरूमच्या मागच्या गोडाउनमध्ये ती खोक्यांच्या भिंतीमागे लेबलं लावत होती. कानावर पेन नव्हतं. बाबा तिच्यासमोर शाळकरी पोरासारखे उभे राहिले. "पोरी, तो स्क्रू."

"वरून दुसरा," ती मान वर न करता म्हणाली. "हातालाच कळलं होतं मला. सैल करणार होते, तेवढ्यात तुम्ही किल्ली घेऊन पळालात."

"मला वाटलं, तुला कळलं नाही."

"आणि कळलं नाही असं वाटलं, तर मला सांगायचं ना! कंपनीला कशाला सांगितलंत? मी समोर उभी होते, काका!"

बाबांना असं झापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते नुसतेच म्हणाले, "चुकलं माझं." मग खिशातला पेचकस काढून तिच्यापुढे धरला. "पण दहा मागू नकोस."

"मागायचे असते तर आधीच मागितले असते."

साडेचार झाले होते. तिनं अंगणातच गाडीच्या दाराचं पॅनेल उघडलं. स्क्रू पूर्ण काढला, चावलेल्या जागी नवी वॉशर घातली, पुन्हा बसवला आणि बरोबर जिथं थांबायचं तिथं थांबली. बाबांनी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. मॅनेजर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. पाचाला सात मिनिटं कमी असताना बाबांनी फोन लावला.

"नऊ," ते म्हणाले.

"दहा म्हणा, दहा!" मॅनेजर मागून कुजबुजला.

बाबांनी फोनवर हात ठेवला. "तुम्ही गप्प बसा. तुमचे गुण अजून कुणी काढलेले नाहीत."

पलीकडची मुलगी विचारत होती, आणखी काही सूचना आहे का, सर?

"आहे. आठाला नापास म्हणणं बंद करा. लिहून घेतलं?"

"सर, त्याला इथे रकाना नाहीये."

तोवर बाई काउंटरवर पोचली होती. तिथल्या माणसाला म्हणाली, "ऊठ." त्याच्याच पुढ्यातलं पेन उचलून कानावर खोचलं आणि काचेपलीकडून बाबांना बोटानं बोलावलं.

"काका, यापुढे काही वाजलं तर आधी मला फोन. कंपनीला नाही. कळलं?"

"हो," बाबा म्हणाले.

पस्तीस वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय. पहिल्या झटक्यात 'हो' मला एकदाही मिळालेलं नाही.