मिठाचा मान

"या घरात माणसं जेवतात का नुसतं पाणी पितात, देव जाणे," हंडा कलता करत गोदू पुटपुटली. पानावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, दौलतनं, ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कारण त्यालाही ठाऊक होतं.

राहनाळच्या त्या घरात कालवणात मीठ घालायचा मान सासूचा, ठकुबाईचा. सुनेनं रांधावं, ढवळावं, पण मिठाला हात लावू नये. हल्ली म्हातारी एकदा मीठ घालायची, विसरायची आणि पुन्हा घालायची. मंडळी मुकाट्यानं जेवायची, वर तांब्यावर तांब्या रिचवायची. गोदूनं तोंड उघडावं, तर सगळी आळी म्हणणार, सुनेला गादीची घाई झाली.

ठकुबाईनं मान वर केली तशी दौलतनं घाईनं विषय काढला. तो कामाला जायचा त्या नारपोलीच्या कापडाच्या लूमवर दिवसभर तोच चालला होता. "दिल्लीचं सरकार पडलं, आय. नव्या पंतप्रधानानं लोकसभेचं तोंड न बघताच राजीनामा दिला."

"म्हंजे देश आता बिनधन्याचा?"

"न्हाय गं. निवडणूक होईस्तोवर तोच काळजीवाहू. खुर्ची रिकामी ठेवत न्हाईत."

"आनि राष्ट्रपती काय करतो?"

"सही," सासरा लडकू म्हणाला. "माज्यासारखी." सातबारा त्याच्या नावावर होता, हुकूम ठकुबाईचा.

ठकुबाई गालात हसली. भाकरी मोडता मोडता थांबली. "आनि एखाद्यानं खुर्ची सोडलीच न्हाय तर?"

"मग लोकसभा सांगते, विश्वास न्हाय."

"लोकसभा म्हंजे काय भिंत हाय? कुनीतरी मानूस उठून बोलत आसंल ना."

दौलत पानात बघायला लागला. लडकूनं रिकामा तांब्या पुढं केला. हंड्यात थेंब नव्हता. गोदूनं हंडा कमरेवर घेतला, विहिरीकडं निघाली.

मागून ठकुबाईनं रोजचंच विचारलं, "वालाचं कालवन बरं झालंय ना?"

"झ्याक," दौलत म्हणाला.

"फस्क्लास," लडकू म्हणाला आणि खोकला.

ठकुबाईनं दोघांकडं पाहिलं, मग दाराकडं. ती नजर गोदूला पाठीवर कळली. लग्न होऊन आली तेव्हा ठकुबाईनंच तिला चूल पेटवायला शिकवलं होतं, फुंकर घालताना डोळे मिटायला सांगून. त्या म्हातारीला या लपवालपवीत आपण आणखी किती दिवस एकटं ठेवायचं?

गोदूनं हंडा उंबऱ्यावर ठेवला. मागं आली, सासूच्या पानाशी बसली.

"आय, तुमच्या हातनं मीठ दोनदा पडतं."