म्हशीच्या फॅटवर गाईचं फॅट

बनाबाईला पाणीवाली तुम्ही केलंत, साहेब. कोल्हापुरात गार खोलीत बसून केलंत.

त्या सकाळी गडमुडशिंगीच्या दूध केंद्रावर, भिंतीवरच्या स्क्रीनवर तिच्या म्हशीच्या दुधाचं फॅट गाईएवढं कमी दिसलं. सचिव सयाजी रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, म्हस हिरीत पवायला सोडलीती काय?"

रांग हसली. बनाबाईनं किटली खाली ठेवली. "पाण्याचा थेंब न्हाय ह्यात."

"मग स्क्रीन खोटं बोलतीय व्हय?"

रोज तेच. गल्लीतल्या बाळंतिणींना दूध तिच्याच घरचं जायचं, तेही बंद झालं.

केंद्राच्या मशीनचा प्रोग्रॅम तुमच्या ऑफिसातला. तो लिहिणारी संयोगिता तिची शेजारीण. तिनं चूक शोधली आणि थेट ओसरीवर आली.

"काकू, मशीनची माहिती एक्सएमएल नावाच्या फायलीतनं येती. ती वाचून जिथल्या तिथं भरायला आम्ही लायब्ररी वापरतो, म्हंजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार प्रोग्रॅम. साहेबांनी बिलं छापायची लायब्ररी नवी घातली, तिनं आपल्यासंगं ही माहिती वाचायची लायब्ररीबी नवी ओढून आणली. जुनी म्हशीचं आन गाईचं फॅट येगळं ठेवायची. नवी दोन्हीला एकच जागा धरती. आधी म्हशीचं बसतं, मागनं गाईचं येऊन ते पुसतं. दोन्ही दुधं घालणारी हितं तुम्ही एकटीच."

"म्हंजे मी पाणी घातलं न्हाय."

"न्हाय की."

"मला काय सांगतीस? सयाजीला सांग."

संयोगितानं सांगितलं. सयाजी म्हणाला, "शेजारीण हाईस, तू बोलणारच. तुझ्या साहेबाला येऊन सांगू दे."

ती तुमच्याकडं आली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जुनी लायब्ररी परत टाक. गाजावाजा नको."

तिनं टाकली. दुसऱ्या दिवशी फॅट पहिल्यासारखं दिसलं. सयाजी रांगेकडं वळला. "बघा. पाणी थांबलं आन फॅट आलं."

झालं. तुमच्या दुरुस्तीनंच तिच्यावरचा आळ पक्का केला.

केंद्रासमोर नळ आहे. दूध घातलं की सगळे तिथंच किटल्या विसळतात. बनाबाई आता त्या नळाकडं फिरकत नाही. आतून दूध चिकटलेली किटली झाकण लावून तशीच घरी नेते. किटली आणि पाणी एका जागी कुणाला दिसायला नको.

प्रोग्रॅम दुरुस्त केलात. त्या रांगेसमोर उभं राहून चूक कुणाची होती हे कधी सांगणार आहात? तारीख सांगा.