हंबीररावांच्या मुक्या चपला

राजारामपुरीतल्या त्या गल्लीत शाळेला सुट्टी लागली की पोरं कामाला लागत. कुणी शेजाऱ्यांचं दळण गिरणीत पोचवी, कुणी म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरनं दूध आणून देई, आणि गुंडूसारखा आळशी पोरगा वाळवणाजवळ बसून कावळे हाकी, तेही डुलक्या काढत. तानीचा धंदा मात्र सगळ्यांहून वेगळा. ती लोकांच्या नव्या चपला घालून हिंडे.

यात हसण्यासारखं काही नाही. कोल्हापुरी चपलेची नवी जोडी चावल्याशिवाय राहत नाही. तानी अकरा वर्षांची, पण पाय असे की आई म्हणे, "हिचं पाय आधी आलं, पोरगी मागनं आली." त्या पायांना चिंध्या गुंडाळायच्या, चपलेच्या अंगठ्याला एरंडेल चोळायचं आणि गल्लीत फेऱ्या मारायच्या. चामडं मऊ झालं की जोडी मालकाच्या दारात. मिळालेले पैसे ती भिंगासाठी साठवी. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात तिनं भिंगातून मुंगी पाहिली होती, तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला खोडच तशी. एखाद्या गोष्टीच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

त्या उन्हाळ्यात हंबीररावांची नवी जोडी तिच्याकडे आली. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. संस्थानात जमादार होते. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली, पण रुबाब काही विलीन झाला नव्हता. त्यांच्या चपलाही साध्या नसत. सांगून करवलेल्या, करकर वाजणाऱ्या. आबा कोपऱ्यावर वळले की करकर ऐकू येई आणि पोरं गोट्या उचलत, बायका नळावरचं भांडण अर्ध्यावर सोडत. घरात त्यांची बायको अंबूबाई पदर सारखा करून चुलीकडे वळे.

ही करकर येते तरी कुठून? तानीनं चपला उलट्यासुलट्या केल्या, कानाशी नेल्या, वासही घेतला. चपला करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला सांगून मी काय खाऊ?" शेवटी तिनं दाभणानं टाचेजवळचे टाके उसवले. चामड्याच्या दोन थरांमध्ये वाळक्या, टणक बिया निघाल्या. बस, एवढंच? एवढ्याशा बियांना अख्खी गल्ली भीत होती? तानीला इतका आनंद झाला की तिनं दुसरीही चप्पल उसवली आणि सगळ्या बिया काडेपेटीत काढून घेतल्या. त्यांच्याशिवाय चपला कशा वाजतात ते बघू म्हणून टाके घालून चालून पाहिलं, तर चपला ठार मुक्या. आता बिया परत घालाव्यात, तोच दारात आबा उभे.

"झाल्या का गं? आण हिकडं. उद्या शेताकडं जायाचं हाय."

देण्यावाचून इलाज नव्हता. आबा जोडी काखेत मारून गेले आणि तानीनं काडेपेटी फडताळामागं दडवली. चपला उसवल्याचं कळलं तर गल्लीत पुन्हा कोण तिच्या हाती जोडी देणार? धंदा बुडणार, भिंग जाणार, वर आईचा मार.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाईनं तिला भुईमुगाच्या शेंगा फोडायला बोलावलं. आबा गडमुडशिंगीच्या शेतावर गेले होते. तानी बाहेर पायरीवर सूप घेऊन बसली. आत शेजारच्या बायका पापड लाटत होत्या, आणि अंबूबाईकडे तर तानी बघतच राहिली. एरवी तोंडातून ब्र न काढणारी ती बाई लाटणं मिशीसारखं ओठावर धरून, छाती काढून खोलीभर चालत होती. तोंडानं करकर, करकर.

"भाजीत मीठ घातलंय, का मिठात भाजी घातलीया?" आबांच्या घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, आणि बायका हसून हसून लोळायला लागल्या.

तानीही हसली. हसता हसता वर पाहते तो आबा फाटकातून आत आलेले. पायात नवी जोडी आणि आवाजाचं नाव नाही.

आता अंबूबाई सापडणार, आणि सापडणार ती केवळ तानीमुळं. आत सावध करायला तिनं तोंड उघडलं, पण आबांनी ओठावर बोट ठेवलं.

ते दाराशेजारी भिंतीला लागून उभे राहिले. आतून त्यांचीच चाल, त्यांचंच खाकरणं ऐकू येत होतं. मग अंबूबाई स्वतःच हसायला लागली, अगदी मोकळं, पोरीबाळींसारखं. तानी आबांच्या चेहऱ्यावर राग शोधत होती. राग नव्हताच. परक्या घरी आलेल्या पाव्हण्यासारखे ते अवघडून उभे होते.

"कोण हसतंय गं ह्ये?" त्यांनी हळूच विचारलं.

"काकी की."

आबांनी कान दाराकडे नेला. "रोज असंच असतंय व्हय?"

तानीला खोटं सुचलं नाही. "तुमच्या चपला वाजूस्तवर."

आबांनी खाली पाहिलं. "सकाळधरनं बघतोय, ह्या वाजंनात."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी बिया काढल्या, आबा. आत काय हाय ते बघायचं हुतं. सगळ्या घरात हायत, येक बी टाकली न्हाय." आणि मान खाली घालून ती शिव्यांची वाट बघत बसली.

आबांनी चपला काढल्या आणि सुपाशेजारी ठेवल्या. "आजच्या आज परत घाल. लांबनं ऐकू आलं पायजे."

शिव्या चुकल्या, धंदा वाचला. शहाण्या पोरीनं इथंच गप्प बसावं. पण मग ती तानी कसली?

"का पण, आबा? मुक्याच ऱ्हाऊ द्या की. तुमास्नी रोज काकीचं हसणं ऐकाय मिळंल."

"न्हाय मिळायचं," आबा म्हणाले. "ह्यो कवाबी न वाजता येतोय म्हटल्यावर ती हसायचीच बंद हुईल."

मग ते अनवाणीच फाटकाबाहेर गेले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथून मोठ्यानं खाकरले. आतलं हसणं थांबलं आणि पोळपाटांवर लाटणी फिरू लागली.