उजव्या पायातला तोडा

अक्काचा उजवा पाय दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली कापायचा होता आणि हे अक्काला कुणी सांगितलेलं नव्हतं. सूज उतरवण्यासाठी तोडा काढावा लागेल, एवढंच तिच्या कानावर घातलं होतं. तिची त्यालाही तयारी नव्हती. अंगठ्या कापायचं हत्यार घेऊन वॉर्डबॉय आला, तर बोटाएवढ्या जाड चांदीवर त्याचं पातं बोथट झालं आणि वर डाव्या पायाची लाथ बसली ती वेगळीच. शेवटी तिच्या धाकट्या भावाला बोलावणं गेलं. तो चांदीकाम करायचा. पैंजण, साखळ्या, बाळांचे वाळे, यावरच त्याचं घर चालत होतं.

भाच्याने, अक्काच्या मुलाने, त्याला वॉर्डाच्या दारातच गाठलं.

"मामा, तिला काही बोलू नका."

"तिने विचारलं तर?"

"तिला झेपायचं नाही. मीच सांगेन नंतर. तुम्ही फक्त तोडा काढा."

"नंतर म्हणजे पाय गेल्यावर?"

भाचा दारातून बाजूला झाला. मामा पिशवी घेऊन आत गेला.

अक्काची खाट खिडकीशी होती. पाय चादरीबाहेर, रबरी कापडावर ठेवलेला. दोन बोटं काळी पडली होती. घोटा इतका सुजला होता की तोडा मांसात रुतून त्याची वरची कडच तेवढी दिसत होती. तोडा उघडायचा पेच आतल्या बाजूला कुठेतरी गडप झाला होता.

"आलास? पिशवीत काय आणलंस?"

"हत्यारं."

"म्हणजे तूही त्यांनाच फितूर."

"आजी, आता लाथ मारायची नाही हं," सिस्टर म्हणाली. "सख्खा भाऊ आहे."

"त्याला तर लहानपणापासून मारतेय. काही सुधारला नाही."

भाऊ हसला आणि स्टुलावर बसला. तोडे त्यांच्या वडिलांनी घडवलेले होते. अक्काच्या पायांत सगळं काही होऊन गेलं होतं. पाऊल टाकायला शिकली तेव्हा वाळे, शाळेच्या वयात घुंगरांच्या साखळ्या, लग्नात पैंजण, पहिल्या बाळंतपणानंतर रुंद पट्टीच्या तोरड्या. तोडे सगळ्यांत शेवटी आले. भरीव, बिनघुंगरांचे. 'वाजायचं वय गेलं, आता वजनाचं आलं,' असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची. वडील गेले, तोड्यांची गिऱ्हाइकं गेली, पण अक्काने ते पायांतून कधी उतरवले नाहीत.

"पेच उघडशील ना? कापू नकोस."

"पेच आत गेलाय, अक्का. कापावाच लागेल."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "सरळ काप मग. वाकडातिकडा कापलास तर बघ."

त्याने जुन्या एक्स-रेची एक पट्टी कापून तोडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली आणि बारीक करवत चालवायला सुरुवात केली. चांदीचा भुसा रबरी कापडावर पडत होता. मधूनमधून तो विचारायचा, "लागतंय का?" ती मान हलवायची. तिला त्या पायाला काहीच लागत नव्हतं, आणि तेच वाईट होतं, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या बाजूनेही चीर दिल्यावर तोडा दोन तुकडे होऊन हातात आला. घोट्याभोवती खोल, निळसर वळ उरला.

"परत जोडशील?"

"जोडेन की."

"कळणार नाही ना, कुठे जोडलाय ते?"

"मी जोडलेलं कुणाला कळलंय आजवर?"

ती बघत होती. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने पिशवीतून दोरा काढला. "थांब, माप घेऊन ठेवतो," म्हणत त्याने तो तिच्या उजव्या घोट्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही टोकं जुळवली.

अक्काने पाय हलवला नाही. फक्त म्हणाली, "सुजलेल्या पायाचं माप घेतोस?"

त्याचा हात थांबला.

"बाबा काय करायचे? पाय जरा सुजलेला दिसला तरी गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. उतरल्यावर या म्हणायचे. तुला हे शिकवावं लागतं होय?"

दोरा सोडवायलाही त्याला सुचेना.

"सूज उतरायची नाही, असंच ना?"

"अक्का..."

"कुठून?"

त्याने तिच्या नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली, बोट टेकवलं.

"कधी?"

"उद्या सकाळी."

दाराशी उभा असलेला भाचा बाहेर निघून गेला. अक्काने तो गेलेला पाहिला. "त्याच्यावर रागावू नकोस," ती म्हणाली. "लहानपणी साधा काटा काढायचा तरी तो डोळे मिटून घ्यायचा."

मग तिने चादर डाव्या पायावर ओढली. "हा राहू दे माझ्या पायात. हल्लीच्या मुली एकाच पायात घालतात म्हणे."

"घालतात. माझ्याकडूनच नेतात."

"सुट्टी साखळी विकत असशील."

"विकतो."

"बाबा असते तर दुकानातून हाकलून दिलं असतं तुला."

सिस्टर जवळ आली. तिचा आवाज उतरला होता. "आजी, ऑपरेशनला जाताना अंगावर धातूचं काही ठेवत नाहीत. तोही काढावा लागेल."

भाऊ उठून खाटेच्या दुसऱ्या बाजूला आला. डाव्या पायाला सूज नव्हती. वडिलांनी आवळलेला पेच आधी हलेना, मग चिमट्याने धरल्यावर फिरला. भावाला सोपं जावं म्हणून अक्काने तो पाय स्वतःच थोडा उचलून धरला.