सीलबंद खोलीतला कवडसा

सुखरामने बाल्टी पुन्हा तिथेच ठेवली होती.

सत्यभामाबाई गभणे यांना ती दारातूनच दिसली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. अड्याळच्या त्या शाळेत प्रयोगशाळेमागे एक अंधारी कोठी होती. तिला उत्तरेकडे एकच खिडकी. बाई विज्ञान शिकवत, आणि दिवाळीपासून त्या कोठीत त्यांनी आपलं यंत्र मांडलं होतं. यंत्र कसलं, फोटोफ्रेमच्या काचा चिकटवून केलेला चौकोनी डबा. आत रेशमी साडीच्या एका धाग्याला लोहचुंबक टांगलेला आणि चुंबकावर आरशाचा नखाएवढा तुकडा. टॉर्चचा उजेड त्या तुकड्यावर पडे आणि तिथून उलटून बाजूच्या भिंतीवरच्या आलेखाच्या कागदावर त्याचा कवडसा उमटे. पृथ्वीचं चुंबकपण जरा हाललं की कवडसा सरके. रोज सकाळी तो तांदळाच्या दाण्याएवढा एकीकडे जाई आणि संध्याकाळपर्यंत परत येई. अट एकच होती, जवळ लोखंड आणायचं नाही.

"सुखराम, ही बाल्टी कशाची आहे?"

"पान्याची जी."

"पाण्याची नाही, लोखंडाची आहे! कितीदा सांगू?"

"आता बाल्टी का सोन्याची आनू?" शाळेचा चपराशी सुखराम बाल्टी उचलत पुटपुटला. "भुईले चुंबक असते म्हनून कोनाचे पाय चिपकले का आजवर?"

बाई चिडत त्या बाल्टीसाठी नव्हे. जानेवारीत त्यांनी महिन्याभराचे आलेख एका विज्ञान प्रदर्शनात मांडले होते. त्यात एका दिवशी कवडसा एकदम उडाला होता. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी त्यावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, "बाई, दार आपटलं असेल. नाहीतर कोणी धक्का दिला असेल." दार आपटलं नव्हतं. पण खोलीत कोणी गेलंच नाही हे बाई सिद्ध कशावरून करणार? ते हसू त्यांच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

आता मार्च उजाडला होता, सन एकोणीसशे एकोणनव्वद. बाई रोज दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडून घेत. आठवड्यापूर्वी बिंबाच्या कडेला डागांचा एक मोठा पुंजका निघाला आणि दिवसागणिक आत सरकत गेला. बारा तारखेला, रविवारी, तो ऐन मध्यावर आला. बाई कागद वाळत घातल्यासारखा दोन्ही हातांनी धरून अंगणात उभ्या होत्या, तेवढ्यात देवाजी आला. तलावापलीकडे त्याची धानाची शेती होती आणि घरात गावातला सगळ्यात मोठा रेडिओ होता.

"बाई, तुमचा तो डबा बंद करा जी. माह्या रेडिओले सर्दी झाली."

"माझा डबा शाळेत, तुमचा रेडिओ तुमच्या घरी. मधात अख्खा तलाव आहे, देवाजी."

"तरीबी. चार दिवस झाले, भर दुपारी लांबचं टेशन बोलता बोलता मुकं होऊन राहिलं. घडीभरानं आपल्या मनानं येते. भंडाऱ्याले नेऊन दाखवला. दुरुस्तीवाला म्हने, रेडिओले काहीच नाही झालं."

बाईंनी त्याला कागद दाखवला. "हे पाहा. हा सूर्य, हे त्याच्यावरचे डाग. तिथं स्फोट होऊन राहिले. त्याचा उजेड आठ मिनिटांत इथं येतो आणि तुमच्या रेडिओचा आवाज पिऊन टाकतो. पण खरं वादळ मागून येते. तिकडून सुटल्यावर त्याला दोन-तीन दिवस लागतात. आता डाग आपल्या समोर आलेत, म्हणजे सुटेल ते आपल्याच अंगावर."

देवाजीने कागद उलटसुलट पाहिला. "मंग तुमी त्याच्याकडं दुर्बीन कायले लावता? कोनी टकमक पाह्यलं तर मानूसबी भडकते."

बाईंनी कागदाची गुंडाळी केली आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी शाळेतून निरोप आला. बाई धावत गेल्या तर कोठीत चार लोखंडी पेट्या एकावर एक चढवलेल्या. सोमवारपासून दहावीची परीक्षा आणि मुख्याध्यापक श्यामराव सर केंद्रप्रमुख. सोमवारच्या पेपरपुरत्या बाहेर काढून उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका ठेवायला त्यांना गज असलेली खिडकी हवी होती आणि गज फक्त कोठीलाच होते. सुखराम दाराला दोरा बांधत होता. सर काडीवर लाख तापवत होते.

"सर, पेट्या दुसरीकडं ठेवा. नाहीतर डबा तरी बाहेर काढू द्या. चार महिन्यांची नोंद आहे!"

"बाई, सामान मोजून झालं, रजिस्टरवर सही झाली. आता आत माशीसुद्धा जाणार नाही."

"आज-उद्या वादळ यायचं आहे, सर."

सरांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. "एकशे ऐंशी मुलांचं वर्ष आहे बाई. तुमचा कवडसा थांबेल." आणि त्यांनी गरम लाखेवर पितळी शिक्का दाबला.

मुलांच्या वर्षापुढे बाईंना माघार घ्यावी लागली. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

तरी सोमवारी सकाळी साडेसहाला त्या खिडकीशी हजर होत्या. त्यांनी टॉर्च सुतळीने बाहेरून गजाला करकचून बांधला, काचेतून उजेड डब्यावर धरला, अंगावरून खिडकीवर काळं कापड टाकलं आणि जुन्या फोटोग्राफरसारखं त्यात डोकं खुपसलं. आलेखाच्या कागदावर काहीच नव्हतं. पेट्यांनी चुंबक पार फिरवला होता. "वाटोळं केलं माझं," बाई कापडातच बोलल्या. मग त्यांना दिसलं की कवडसा कागद सोडून बराच पुढे, खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर जाऊन बसला आहे. मार्च महिना, सोळा तारखेचा चौकोन.

बाई चिडल्या आणि चिडता चिडताच थबकल्या. पेट्यांनी चुंबक ओढला हे खरं, पण पेट्या आता जागच्या हालणार थोड्याच? कवडशाची जागा बदलली, एवढंच. पृथ्वी हालली तर तो इथूनही हालेलच. आणि मोजायला चौकोन आहेतच. त्यांनी वही काढली आणि लिहिलं : सोळा तारीख, चौकोनाच्या मध्यावर.

सात वाजायला दोन-तीन मिनिटं होती. कवडसा थरथरला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सोळा तारखेच्या डाव्या रेघेशी जाऊन टेकला. रोज तांदळाच्या दाण्याएवढा, तोही तासातासाने सरकणारा कवडसा, आणि आज एका दमात चांगलं बोटभर गेला.

"सुखराम! अरे सुखराम!"

सुखराम खराटा टाकून धावत आला. "का झालं जी? साप हाय का?"

"खोलीत कोण गेलं?"

"कोनी नाही! शिल पाहा ना, जशाचं तसं हाय. माह्यावर कायले घेता?"

बाई दाराकडे धावल्या. लाख अखंड, दोरा ताणलेला, शिक्क्यावरची अक्षरं स्वच्छ. जानेवारीतले ते परीक्षक त्यांना आठवले. दार आपटलं असेल म्हणे! बाईंना एकाएकी हसू फुटलं. कालपासून ज्या सीलला त्या शिव्या घालत होत्या, त्याच सीलने आज कोणाच्याही धक्क्याची शक्यता उरू दिली नव्हती.

दिवसभर त्यांची त्रेधा उडाली. अकराला पेपर सुरू झाला आणि त्यांची पर्यवेक्षणाची पाळी लागली. पाळी सुटली की त्या कापडात शिरत. टॉर्चचे सेल संपले तर सुखरामने स्वतःच्या टॉर्चमधले काढून दिले, "पन परत द्याल जी" असं चारदा बजावून. सव्वा वाजता कवडसा पुन्हा दचकला आणि आता तो पंधराच्या चौकोनात येऊन डोलत राहिला.

"बाई, हे काय चाललंय?" मागून श्यामराव सरांचा आवाज आला. "परीक्षा केंद्रात तुम्ही कापडात तोंड घालून बसता? बाहेरचा कोणी आला तर मी काय सांगू?"

"सर, एकदाच पाहा."

"मला वेळ नाही."

"तुमच्या सीलबंद खोलीत काहीतरी हालून राहिलं, सर."

हे ऐकून सरांचा चेहरा उतरला. ते तडक कापडात शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चष्म्याला घाम होता.

"हालतंय खरं. उंदीर?"

"उंदीर धाग्याला लटकतो का, सर? कवडसा भिंतीवरचा आहे, चुंबक डब्यात आहे, डबा बंद आहे. सूर्यावरून आलेलं वादळ त्याला हालवते आहे. तुम्ही मला एवढंच लिहून द्या, की हे सगळं हालत असताना तुमचं सील शाबूत होतं."

"हालत असताना? वेडबीड लागलं का बाई? सीलबंद खोलीत काही हालत होतं असं केंद्रप्रमुखाने लिहून द्यायचं? उद्या माझ्यावर चौकशी बसेल!"

"मग मी काय पृथ्वीला सांगू, परीक्षा संपेपर्यंत थांब म्हणून?"

दोघेही तापले. सुखराम मध्ये उभा राहून कधी सरांकडे, कधी बाईंकडे पाहत होता. शेवटी तोच म्हणाला, "सर, हालत व्हतं ते नोका लिहू. शिल शाबूत व्हतं, तेवढंच लिहा. ते तं खरंच हाय ना जी?"

सरांनी ओठ चावले. मग शाळेच्या कागदावर दीड ओळ लिहिली : दिनांक तेरा रोजी सकाळी साडेसहा ते सायंकाळी सहापर्यंत सदर खोलीचे सील अभंग होते. खाली सही, शिक्का. "कारण विचारलं तर मला माहीत नाही," ते म्हणाले.

मंगळवारी देवाजीच्या रेडिओवर लांबची स्टेशनं जवळजवळ लागलीच नाहीत. आठवडाभरानंतर नागपूरच्या पेपरात चार ओळींची बातमी आली. त्याच तेरा तारखेला सौर वादळाने कॅनडात एका अख्ख्या प्रांताची वीज गेली होती. देवाजी पेपर घेऊन आला आणि ओसरीवर बसला. म्हणाला, "म्हनजे तुमी खरंच सांगत व्हते." बाईंनी त्याला चहा दिला.

वहीतले आकडे, कॅलेंडरच्या चौकोनाचं माप आणि सरांचं दीड ओळीचं प्रमाणपत्र बाईंनी एका वेधशाळेला पाठवलं. उत्तर मे महिन्यात आलं. सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही धक्क्यांची वेळ वेधशाळेच्या नोंदीशी जुळत होती. सीलबंद खोलीची कल्पना त्यांना फारच आवडली होती, जणू बाईंनीच ती मुद्दाम योजली होती. पत्रात पुढे होतं, आता बाईंनी आणखी एक डबा मांडावा, चुंबक धाग्याला पीळ देऊन पूर्व-पश्चिम टांगावा, म्हणजे नुसता दिशेतला बदल नव्हे, वादळाचा खरा जोरही कळेल. मात्र जागा लोखंडापासून दूर हवी.

श्यामराव सरांनी पत्र वाचलं आणि नाही म्हणायला तोंड उघडलं, त्याच्या आतच बाई तिथून निघाल्या.

जागा देवाजीने दिली. त्याच्या घरामागे धान साठवायच्या ढोल्यांची खोली होती, नुसत्या बांबूची आणि मातीची. शाळा उघडायच्या आधी बाईंनी तिथे दुसरा डबा टांगला. पीळ बसता बसेना, धागा दोनदा तुटला, आणि देवाजी दर पाच मिनिटांनी "आलं का जी वादळ?" विचारत राहिला. पहिल्या दिवसाची नोंद त्यानेच हट्टाने लिहिली. वेळेच्या जागी माप लिहिलं आणि मापाच्या जागी वेळ. बाईंनी ती त्याच्याकडून तीनदा लिहून घेतली.