कोर्टातला बिरोबा

"आज बिरोबा घरी न्हेल्याबिगर हा गेणबा मागं फिरायचा न्हाय!" बारामतीच्या यष्टीत गेणबानं छाती ठोकून सांगितलं. ठोकताना हातातला नारळ निसटला, तो थेट ड्रायव्हरच्या ब्रेकखाली. अख्खी गाडी त्याच्यावर करवादली.

बाप मेल्यावर देव्हाऱ्यातल्या बिरोबाच्या चांदीच्या टाकावरनं गेणबा आणि धाकटा हिंदुराव भांडले. एकमेकांवर चोरीची केस घातली. पोलिसांनी देवच उचलला आणि तालुक्याच्या जुन्या दगडी कोर्टात मुद्देमाल म्हणून ठेवला. तेव्हापासनं भावकीतली नवी जोडपी देवदर्शनाला कोर्टात यायची. आत साक्ष चाललेली असो नायतर निकाल, बाहेर ढोल वाजायचा आणि मुद्देमालाच्या खिडकीला हळद लागायची. ती पुसता पुसता शिपाई बिरू म्हणायचा, "सगळी सुटली, ह्या देवालाच जामीन मिळंना!"

अखेर निकाल गेणबाच्या बाजूनं लागला. घरी बायको बनाबाई अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले. "मरायच्या आधी एकदा देवावरनं हात फिरवू द्या," एवढंच तिचं मागणं.

कोर्टात बिरूनं सील केलेलं पाकीट पुढं केलं. "तात्या, फोडून बघा, मग अंगठा द्या."

"देव्हाऱ्याबाहेर देव उघडा करत न्हाईत. आन देवावर संशय घ्यायचा व्हय रं?"

गेणबानं अंगठा उठवला. पावतीवर लिहिलेलं, देव मिळाला, तक्रार नाही.

घरी भंडारा उधळून पाकीट फोडलं. आत सायकलची घंटी.

बनाबाईनं हात पुढं केला. गेणबानं घंटीच तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं हळद लावली, बोटांनी चाचपली. ट्रिंग!

"आवं," ती म्हणाली, "तारखांना जाऊन जाऊन देवानं सायकल घेतली जणू."



गेणबा परत कोर्टात गेला. कपाटं धुंडाळली. देव काय सापडला न्हाय, अंगठा तेवढा सापडला.

अमावस्येच्या आत बनाबाई गेली. हिंदुरावानं अर्ज ठोकला, थोरल्यानं देव दडवला म्हणून. दहाव्याला कावळा काय पिंडाला शिवंना. गेणबानं तिची इच्छा आठवून पिंडाशेजारी घंटी ठेवली. तेवढ्यात हिंदुरावाच्या अर्जावरनं कोर्टाचा बेलीफ आला. त्यानं पंचनामा केला आणि हळद लागलेली घंटी मुद्देमाल म्हणून जप्त करून नेली.