मेण, कोकमतेल, एरंडेल

रंगूबाईंनी पिठलं-भाकरीचं गाठोडं बाजूला ठेवलं, कमरेची पिशवी सोडली आणि चुन्याची एक जुनी डबी सतरंजीवरून वैजयंतीच्या पुढ्यात सरकवली.

"ही तपास. आन् कागदावर लिहून दे."

वैजयंतीने डबीला हात लावला नाही. आई जाऊन पाच दिवस झाले होते. चुलतभाऊ रणजीत अस्थी घेऊन गावाकडे, कृष्णेवर गेला होता आणि कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत ती सकाळपासून एकटीच होती. रंगूबाई आईच्या सोबतीण. वाशीच्या मसाला मार्केटात दोघी एकाच व्यापाऱ्याकडे मिरचीची देठं खुडायच्या. डबीत काय आहे हे विचारावं लागलं नाही. मिरचीच्या धुळीने बायकांचे ओठ भाजायचे, फुटायचे, म्हणून आई घरी करायची ते मलम.

"काय लिहू?"

"चांगलं हाय म्हणून. तुज्या कंपनीचा शिक्का मारून."

"आता कशाला, मावशी?"

"खदीजासाठी. मातीला आली न्हाई ती, बघितलंस न्हवं? सहा वर्सं मिरचीच्या एका ढिगाशी बसल्या, ती आन् तुजी आई."

वैजयंतीने पदर सारखा केला. "तपासायला वेळ लागतो. सुतक फिटल्यावर कामावर जाईन, तेव्हा बघते."

"आता आनी काय बघायचं? मागं तपासलंस की. तवापास्नंच तर बंद झालं."

वैजयंती पाणी आणायला उठली. तांब्या भरून वाहू लागला, तरी तिने नळ बंद केला नाही.

ती तळोज्याला लिपस्टिकच्या कारखान्यात मालाची तपासणी करायची. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी लॅबचे साहेब पत्नीला घेऊन चहाला आले होते. खिडकीत डब्या निवत ठेवलेल्या होत्या. हमालांकडून गोळा केलेल्या, राखेने घासून लख्ख केलेल्या चुन्याच्या डब्या, चांगल्या वीस-बावीस. साहेबांच्या पत्नीने एक उचलून वास घेतला.

"अय्या, म्हणजे आपल्या कंपनीला घरातच कॉम्पिटिशन!"

सगळे हसले. आईही हसली आणि म्हणाली, "घेऊन जा की, बाई." बाईंनी डबी होती तिथे ठेवली आणि रुमालाला बोटं पुसली. ती बोटं पुसणं वैजयंतीला रात्रभर दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक डबी पर्समध्ये टाकून लॅबमध्ये नेली. दोष काढायचाच, हे ठरवून नेली. वहीच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे कंपनीची कांडी: एरंडेल, तीन तऱ्हेची मेणं, लोकरीतून काढलेली चरबी, खनिज तेल, रंग, सुवास, टिकाऊपणासाठी घालायची द्रव्यं, असे एकोणीस घटक. उजवीकडे तीनच: मधमाशांचं मेण, कोकमतेल आणि एरंडेल. किती अंशांवर वितळतं ते पाहिलं, आम्लता पाहिली, शिसं पाहिलं. कंपनीच्या रंगात शिसं होतं. चालतं तेवढंच, पण होतं. उजव्या रकान्यात तिला 'नाही' असं लिहावं लागलं. खाली निष्कर्षाची ओळ आली तेव्हा तिने पेनाला टोपण लावलं आणि ते पान फाडलं.

"आई, मी तपासलं ते मलम," घरी आल्यावर तिने चपला काढता काढता सांगितलं. "जंतू आहेत त्यात. बायकांना देत जाऊ नकोस."

"लई हायत?"

"आहेत."

पाण्याचा अंश नसलेल्या मेणातेलात जंतू वाढत नाहीत, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आठवड्याभरात खिडकी रिकामी झाली.

"आगं, नळ!" रंगूबाई बाहेरून ओरडल्या.

तिने नळ बंद केला. तांब्या घेऊन आली, पण तो रंगूबाईंना द्यायचं विसरून तशीच उभी राहिली.

"मावशी, त्यात जंतू नव्हते."

रंगूबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"चांगलं होतं ते. आमच्या कांडीत एकोणीस गोष्टी असतात. तिच्या मलमात तीन होत्या, तिन्ही चांगल्या. मला लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं."

"एकोणीस?" रंगूबाई म्हणाल्या. "व्हटाचं काय लगीन असतंय व्हय?" मग त्यांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, दोन घोट प्यायल्या आणि तोंड पुसलं. "तुज्या आईला, वेणूला, ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"जंतू न्हाईत ते. मला म्हनली, 'बायकांना देऊ नको म्हनाली पोरगी, तू लावू नको असं न्हाई म्हनाली. खराब असतं तर आदी माज्या हातातनं काढून घेतलं असतं तिनं.'"

वैजयंती खाली बसली. रोज सकाळी बाजारात निघताना आई दाराशी उभं राहून करंगळीने ते मलम ओठांना लावायची, आणि ती समोर चहा पीत बसलेली असायची. दोन वर्षं.

"मग तिने डब्या परत का घेतल्या?"

"तू सांगितलंस म्हणून. दारोदार जाऊन घेतल्या. मी न्हाई दिली, हरवली म्हनलं." रंगूबाईंचा आवाज उतरला. "खदीजाच्या नातीचं, बुशराचं, व्हट तवाच सुजलं हुतं. खदीजा म्हनली, म्हनजे तुज्या मलमानंच झालं की गं. आता वेणूनं काय बोलावं? मलम चांगलं हाय म्हनली, तर तू खोटी पडतीस. तिनं हात जोडलं. सगळ्या बाजारादेखत. तवापास्नं खदीजा दुसऱ्या ढिगाला बसती."

वैजयंतीने कपाटातून फुलस्केप कागद काढला. तारीख घातली. घटकांची नावं एकाखाली एक लिहिली, समोर प्रमाणं लिहिली. आकडे तिला अजून पाठ होते. शेवटी लिहिलं: 'वापरण्यास योग्य.'

"शिक्का?"

"तो ऑफिसात असतो." तिने पेन खाली ठेवलं नाही. "खदीजाबींना वाचता येतं?"

"तिला कुटलं. बुशरा वाचून दावील."

कागदावर मेण होतं, कोकमतेल होतं, एरंडेल होतं. खोटं कोण बोललं ते कुठेच नव्हतं. शिक्का मारला असता तरी ते त्यात आलं नसतं. वैजयंतीने कागद उलटा करून ठेवला.

"कुठे राहतात त्या?"

"तुर्भ्यात, मशिदीच्या मागल्या अंगाला." तिने चपलांत पाय घातलेले पाहून रंगूबाई गडबडीने उठल्या. "आगं, सुतक हाय! दहावं तरी हू दे. असं कुनाच्या घरात जात्यात व्हय?"

"घरात नाही जाणार. दाराबाहेर उभी राहून सांगते."

"खदीजा दारात उभी करनारी बाई न्हवं. तिला तुजं सुतक काय ठावं? हाताला धरून आत वढील."

"आधी ऐकून तर घेऊ देत," वैजयंती म्हणाली. "मग बोलावतात का बघू."